लिफ्टनंतरची थरथर: पाट्यांच्या गाडीत प्रोपेलर शाफ्टचे कोन कसे मोजायचे आणि कसे जुळवायचे

गाडी दोन इंच उचलली (‘लिफ्ट’ केली), मोठे टायर चढवले आणि साठ-सत्तरच्या वेगाला फ्लोअरमधून गुरगुर सुरू झाली, ही तक्रार जिप्सी, जुनी थार आणि महिंद्राच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जीपगाड्यांत ठरलेली आहे. त्यापुढचा क्रमही ठरलेला. आधी व्हील बॅलन्सिंग, मग क्रॉस (प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा, कोनात फिरणारा सांधा) बदलणं, मग शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद ॲक्सलपर्यंत नेणारी फिरती नळी) लेथवर, मग पुन्हा व्हील बॅलन्सिंग. या सगळ्यात गाडीखाली जाऊन कोन मोजायचं काम कोणी करत नाही, आणि लिफ्टने बदललेली मुख्य गोष्ट तर कोनच असते. कोनमापक लावून अर्धा तास घालवला की कुठला पार्ट घ्यायचा, किंवा काहीच घ्यायचा नाही, हे कागदावर दिसतं.

आधी थरथर कुठली आहे ते ओळखा

तीन गोष्टी थरथरतात: चाकं, शाफ्ट आणि इंजिन. तिघांचा फिरण्याचा वेग वेगळा असल्यामुळे त्यांना वेगळं काढता येतं.

२३५/७० आर १६ टायर एका फेऱ्यात साधारण २.२५ मीटर चालतो. ताशी ८० किमीला चाक मिनिटाला सुमारे ५९० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला दहा. डिफरेन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरांच्या डब्याचं) गुणोत्तर ४ धरलं, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे चार, तर शाफ्टचे फेरे मिनिटाला २३७० च्या आसपास, सेकंदाला जवळपास चाळीस. टायर वाकडा असेल किंवा बॅलन्स गेला असेल तर दहाची हलकी थडथड स्टीअरिंगमध्ये किंवा सीटमध्ये जाणवते. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल तर चाळीसची भरभर. आणि क्रॉसच्या कोनाची चूक असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्यात दोन धक्के, म्हणजे ऐंशीची बारीक गुणगुण. ती पायाखाली, गिअरच्या दांड्यात आणि आरशात दिसते. आरशातलं चित्र धूसर होतंय पण स्टीअरिंग शांत आहे, तर चाकांचा नाद सोडा.

आपल्या गाडीचं गुणोत्तर माहीत नसेल तर मागचं एक चाक जमिनीवर ठेवा, दुसरं जॅकवर उचला, गिअर न्यूट्रल. बाकीच्या चाकांना ओटी (चाक गडगडू नये म्हणून ठोकळा किंवा दगड) लावा. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टवर खडूची रेघ मारून त्याचे फेरे मोजा. जो आकडा येईल तेच गुणोत्तर. डिफ-लॉक (दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक) बसवलेल्या गाडीत ही युक्ती लॉक उघडा असतानाच चालते.

मोबाइलमधलं कंपन मोजणारं ॲप उपयोगी आहे, पण एक अट आहे. ॲप सेकंदाला किती वेळा नोंद घेतं ते पाहा. शंभर वेळा घेत असेल तर ऐंशीची थरथर पडद्यावर वीस म्हणून दिसते आणि माणूस भलत्याच दिशेला जातो. दोनशे किंवा जास्त हवं.

आता रस्त्यावरची चाचणी. सपाट, सरळ, गुळगुळीत डांबरी रस्ता घ्या. सिमेंटच्या रस्त्यावर त्याचे खाचे आणि मड टायरचे दात मिळून इतका आवाज करतात की काहीच कळत नाही. थरथर येणारा वेग पकडा आणि चार गोष्टी करा: वेग स्थिर ठेवा, ॲक्सिलरेटर दाबा, पाय काढा, आणि शेवटी क्लच दाबून न्यूट्रलमध्ये गाडी वाहू द्या. (शेवटचं घाटात किंवा उतारावर अजिबात नको.) न्यूट्रलमध्ये थरथर तशीच राहिली तर इंजिन सुटलं, म्हणजे दोष त्याचा नाही. फक्त ॲक्सिलरेटरवर वाढते आणि पाय काढला की जाते, तर ओढ लागल्यावर पिनियनचं (डिफरेन्शियलच्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचं) नाक वर उचललं जाऊन कोन बिघडतोय. पाय काढल्यावरच येते, तर पिनियनचा कोन उलट बाजूला चुकलाय किंवा पिनियनच्या बेअरिंगमध्ये प्ले (ढिलाई) आहे. ओढीने काही फरक पडत नसेल तर बॅलन्स किंवा वाकडा शाफ्ट. गाडी सुटताना किंवा गिअर बदलताना ‘टक’ वाजतं, ते क्रॉस किंवा स्प्लाइनच्या (शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या, दाते असलेल्या जोडाच्या) ढिलाईचं. हळू वेगात चिमणीसारखी ठेक्यात चिवचिव म्हणजे कोरडा क्रॉस, तो आजच बदला.

एक फुकटचं काम इथेच करून टाका. ट्रेलवरून आल्यावर रिमच्या आतल्या बाजूला आणि शाफ्टला लाल चिखल चिकटून वाळलेला असतो. भातखाचरातून गेलेल्या गाडीत तर पावशेर माती सहज निघते. ती खरवडून धुतल्याशिवाय कुठलीही चाचणी करू नका.

क्रॉसचा स्वभाव

साधा क्रॉस जॉइंट कोनात फिरतो तेव्हा एका बाजूचा वेग स्थिर असला तरी दुसऱ्या बाजूचा स्थिर राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा तो पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ५ अंशांना हा फरक अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो, १० अंशांना दीड टक्का, १५ अंशांना साडेतीन. म्हणूनच शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात: पहिल्याने केलेली चूक दुसरा उलटी करून मिटवतो. त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत, म्हणजे ट्रान्स्फर केसची (पुढच्या-मागच्या शाफ्टला ताकद वाटणाऱ्या डब्याची) बाहेर येणारी रेषा आणि पिनियनची रेषा एकमेकींना समांतर हव्यात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योकही (क्रॉस धरणारे दोन कानांचे भागही) एकाच पातळीत हवेत.

पण सारखे असणं पुरत नाही, कोन लहानही हवेत. दोन्ही कोन १२-१२ अंश असले तर पिनियन गुळगुळीत फिरेल, पण मधला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात दोनदा हिसका खात राहील, आणि तो हिसका ट्रान्स्फर केसच्या माउंटवर जातो. स्पायसर या शाफ्ट बनवणाऱ्या कंपनीच्या कोष्टकात शाफ्टच्या वेगानुसार कमाल कोन दिलेले आहेत: मिनिटाला २००० फेऱ्यांना साधारण ८.७ अंश, २५०० ला ७, ३००० ला ५.८, ३५०० ला ५, ४००० ला सव्वाचार. ट्रेलवर लो रेंजमध्ये (ट्रान्स्फर केसच्या हळू गिअरमध्ये) जी गाडी २० अंशांनाही कुरकुरत नाही, ती हायवेवर का ओरडते याचं उत्तर या आकड्यांत आहे. दुसऱ्या टोकाला, कोन शून्यही नको. क्रॉसच्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) जागच्या जागी राहिल्या तर त्या कपमध्ये (त्यांच्या वाटीत) खाचे पाडतात, म्हणून अर्धा ते एक अंश तरी ठेवावा.

मापं घ्यायची पद्धत

लागणारं सामान: चुंबक असलेला डिजिटल कोनमापक, टेप, खडू किंवा पांढरा पेंट, वही. मोबाइलचं पाणसळ ॲप चालेल, पण त्याची एक सपाट बाजू आधी तपासा: एकाच पट्टीवर फोन उलटसुलट ठेवून आकडा तोच येतो का.

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी करा. अर्धी टाकी डिझेल-पेट्रोल, मागचं स्पेअर व्हील, नेहमीचं सामान आत. गाडी दोन-चार वेळा दाबून सोडा आणि थोडी पुढेमागे ढकलून पाटे मोकळे करा. चासी जॅकवर उचलून घेतलेली मापं निरुपयोगी, कारण ॲक्सल लोंबकळतो आणि सगळे कोन बदलतात. खाली शिरायला जागा कमी पडत असेल तर चारही चाकं सारख्या उंचीच्या रॅम्पवर घ्या.

तीन आकडे हवेत. एक, ट्रान्स्फर केसच्या मागच्या फ्लँजचा (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीचा) कोन. कोनमापक फ्लँजच्या मशीन केलेल्या सपाट तोंडावर उभा लावा. दोन, शाफ्टच्या नळीचा, वेल्ड आणि बॅलन्सच्या वजनापासून दूर. तीन, पिनियनच्या फ्लँजचा. डिफरेन्शियलच्या हौसिंगच्या ओबडधोबड कास्टिंगवर माप घेऊ नका. ते पिनियनला समांतर असेलच असं नाही. मागच्या बाजूला उतार असेल तर अधिक, चढ असेल तर उणे, असा एकच नियम धरून लिहा. चिन्हाची चूक हेच या कामातलं सर्वांत मोठं लफडं आहे: पिनियनचं नाक वर बघतंय की खाली, हे डोळ्यांनी बघून वहीत शब्दांतही लिहा.

शाफ्टच्या कोनातून ट्रान्स्फर केसचा कोन वजा केला की पुढच्या क्रॉसचा कोन मिळतो, आणि पिनियनचा कोन वजा केला की मागच्याचा. मग दोन्हींचे वर्ग करा, मोठ्यातून लहान वजा करा आणि वर्गमूळ काढा. हा उरलेला कोन ३ अंशांच्या आत हवा. नुसता ‘एक अंशाचा फरक चालतो’ हा नियम अर्धवट आहे. ४ आणि ५ अंशांचा फरक काढला तर उरतात ३, पण साडेसात आणि साडेआठचा काढला तर उरतात ४. कोन मोठे झाले की तीच एक अंशाची चूक महाग पडते, म्हणूनच उचललेल्या गाडीत मूळ गाडीपेक्षा जास्त नेमकेपणा लागतो.

एक उदाहरण आकड्यांसह

दोन क्रॉसच्या मध्यांमधलं अंतर ८५० मिमी. लिफ्टआधी ट्रान्स्फर केस ३ अंश मागे उतरती, शाफ्ट ७ अंश, पिनियन ३ अंश नाक वर. दोन्ही क्रॉस ४ अंशांवर, गाडी शांत.

नवीन कमानीचे पाटे टाकून ५० मिमी उचललं आणि पिनियनचा कोन तसाच राहिला, तर शाफ्ट सुमारे १०.४ अंशांवर जातो आणि दोन्ही क्रॉस ७.४ वर. वरच्या कोष्टकाप्रमाणे २३७० फेऱ्यांना, म्हणजे ताशी ८० ला, आपण बरोबर काठावर आहोत. ८० पर्यंत ठीक, १०० ला गुणगुण. ७५ मिमी उचललं तर ९.१ अंश, १०० मिमीला १०.९. शाफ्ट जितका आखूड तितकं हे भराभर वाढतं: ६०० मिमीच्या शाफ्टला ५० मिमी लिफ्ट जवळपास ५ अंश वाढवते, १२०० मिमीच्याला निम्मं. एकच लिफ्ट किट एका गाडीत गपगुमान बसतं आणि दुसरीत नाही, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती पट्टी) लावून उचललेली गाडी वेगळी वागते, आणि इथे भलेभले फसतात. शॅकल मागे असलेल्या पाट्यात ५० मिमी लांब शॅकल लावला तर ॲक्सलपाशी उंची निम्मीच, म्हणजे २५ मिमी वाढते. पण पाट्याचं मागचं टोक खाली गेल्यामुळे अख्खा ॲक्सल फिरतो. हजार मिमीच्या पाट्यात पिनियनचं नाक जवळपास ३ अंश वर जातं. मग शाफ्ट ८.७, ट्रान्स्फर केस ३, पिनियन ५.९. पुढचा क्रॉस ५.७ आणि मागचा २.८ अंशांवर, उरलेला कोन ५. कोन लहान असूनही गाडी थरथरते. इथे नाक आणखी वर करणारी पाचर लावली की दुखणं दुप्पट. या गाडीला नाक खाली आणणारी पाचर हवी.

(वरच्या आकड्यांत नाक वरखाली झाल्यामुळे शाफ्टच्या टोकाची उंची बदलते ते धरलेलं नाही. नाक ॲक्सलच्या २५० मिमी पुढे असेल तर ३ अंशांत ते १३ मिमी हलतं. म्हणून प्रत्येक बदलानंतर तिन्ही मापं नव्याने घ्यायची, कागदावरचं गणित शेवटचं मानायचं नाही.)

पाचर

पाट्यांच्या गाडीत पिनियन फिरवायचा सोपा मार्ग म्हणजे पाटा आणि ॲक्सलची बैठक यांच्यामध्ये पोलादी पाचर. किती अंशांची, ते मापं सांगतील. लक्ष्य असं ठेवा की गाडी उभी असताना पिनियन समांतर रेषेपेक्षा एक अंश खाली राहील. पाटे ओढ लागल्यावर पिळतात आणि नाक अंश-दोन अंश वर येतं. चालत्या गाडीत जुळायला हवं, उभ्या गाडीत नाही.

पाचरीचा जाड भाग कुठे? पाटा ॲक्सलच्या खाली असेल, जसा मूळ जिप्सीत असतो, तर नाक वर करायला जाड भाग पुढे. पाटा ॲक्सलच्या वर असेल तर नाक वर करायला जाड भाग मागे. नाक खाली करायचं असेल तर दोन्हींत उलटं. गाडीखाली आडवं पडून हे डोक्यात उलटसुलट होतं, म्हणून पाचरीवर आधीच पेंटने बाण काढा.

लेथवाल्याला करायला सांगायची असेल तर अंशांत सांगू नका, मिमीत सांगा. १३० मिमी लांबीच्या बैठकीला २ अंश म्हणजे दोन टोकांच्या जाडीत ४.५ मिमी फरक, ३ अंश म्हणजे ६.८ मिमी. रुंदी पाट्याइतकी पूर्ण, मधोमध सेंटर बोल्टच्या (पाने एकत्र धरणाऱ्या मधल्या बोल्टच्या) डोक्याचं भोक. ॲल्युमिनियमची घेऊ नका, ती यू-बोल्टच्या (पाटा ॲक्सलला आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टच्या) दाबाखाली चेपते, तडकते, आणि ट्रेलवर सटकलेली पाचर म्हणजे वाकडा झालेला ॲक्सल. ६ अंशांपेक्षा जास्त लागत असेल तर पाचरीचा नाद सोडून बैठक कापून नव्याने वेल्ड करावी.

बसवताना: मागची चासी स्टँडवर, ॲक्सलखाली जॅक. एका वेळी एकच बाजू सोडा, म्हणजे ॲक्सल जागचा हलत नाही. पाट्यांना सी-क्लॅम्प लावून मगच सेंटर बोल्ट काढा, नाहीतर पाने स्प्रिंगसारखी उसळतात. नवा सेंटर बोल्ट जुन्यापेक्षा पाचरीच्या मधल्या जाडीइतका जास्त लांब हवा, त्याचं डोकं बैठकीच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. यू-बोल्ट नवे घ्या. एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा धरून ठेवत नाहीत. चारही नट आळीपाळीने, तिरके, थोडे थोडे घट्ट करा. शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी असताना, मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे. १०० किमीनंतर पुन्हा, ५०० नंतर पुन्हा.

पाटे ॲक्सलच्या वर घेऊन केलेल्या लिफ्टमध्ये बैठक नवीनच करावी लागते, तेव्हा पिनियनचा कोन हवा तसा ठेवता येतो. बैठक आधी नुसती टॅक करा (ठिपक्यांच्या वेल्डने तात्पुरती धरा), गाडीचं वजन चाकांवर द्या, कोन मोजा, मग पूर्ण वेल्ड. या रचनेत पाट्यांचं पिळणंही वाढतं, त्यामुळे पिळ रोखणारी दांडी लावल्याशिवाय ओढीची थरथर जात नाही. आणि असे बदल करण्याआधी मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ माहीत असू द्या: निर्मात्याच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये तसं स्पष्ट केलं आहे. अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

नाक वर गेलं की डिफरेन्शियलमधलं तेल मागे सरकतं आणि पिनियनच्या पुढच्या बेअरिंगला कमी पोचतं. तेल भरायचं भोकही फिरतं, त्यामुळे ‘भोकापर्यंत भरलं’ म्हणजे बरोबर भरलं असं राहत नाही. मूळ कोनात जेवढं लिटर लागायचं तेवढं मोजून घाला, ३-४ अंशांच्या वर फिरवलं असेल तर किंचित जास्त.

ट्रान्स्फर केस खाली घेणं

गिअरबॉक्सला जोडलेली ट्रान्स्फर केस असेल तर तिच्या क्रॉसमेंबर आणि चासीमध्ये २० मिमीचे स्पेसर टाकणं हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. आपल्या ५० मिमीच्या उदाहरणात इंजिनच्या माउंटपासून अंतर एक मीटर धरलं तर ट्रान्स्फर केस ३ वरून ४.१ अंशांवर येते, शाफ्ट ९ वर, आणि पुढचा क्रॉस ७.४ वरून ४.९ वर. मात्र आता पिनियनही ४.१ च्या जवळ हवा, म्हणजे छोटी पाचर आलीच. नुसते स्पेसर टाकून मापं न घेणारे एक दुखणं घालवून दुसरं आणतात.

स्पेसर टाकल्यावर गाडी सुरू करण्याआधी चार जागा बघा. रेडिएटरचा फॅन श्राउडला (भोवतालच्या आवरणाला) लागतो का, कारण इंजिनचं पुढचं टोक वर उचललं जातं. गिअरचा आणि फोर-व्हीलचा दांडा फ्लोअरच्या कडेला टेकून गिअर अर्धवट पडतो का. सायलेन्सरचा पाइप कशाला घासतो का. इंजिनचे माउंट पिळले गेलेत का. शिवाय गाडीचं पोट २० मिमी खाली आलं, म्हणजे ज्यासाठी लिफ्ट केली त्यातलं थोडं परत गेलं.

जिप्सीत हा उपाय उलटतो. तिची ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सपासून सुटी आहे, मध्ये एक आखूड शाफ्ट आहे. केस खाली घेतली की मागच्या शाफ्टचा कोन सुधारतो आणि मधल्याचा बिघडतो. तो शाफ्ट ३०० मिमीचा धरला तर २० मिमीमध्येच पावणेचार अंश. त्यात तो जास्त वेगाने फिरतो, कारण जिप्सीच्या ट्रान्स्फर केसमध्ये हाय रेंजलाही १.४०९ चं गुणोत्तर आहे. मागचा शाफ्ट २३७० फेरे घेतो तेव्हा मधला ३३४० घेतो, आणि तिथे कोनाची मर्यादा पाच अंशांच्या जरा वर येऊन ठेपते. म्हणून जिप्सीत केस जागेवर ठेवा, पाचर मागे लावा. थरथरीची वारंवारता मागच्या शाफ्टच्या हिशोबापेक्षा चाळीस टक्के वर येत असेल तर गुन्हेगार मधला शाफ्ट.

आणि त्याही आधी जिप्सीच्या ट्रान्स्फर केसचे रबर माउंट बघा. गाडी हँडब्रेकवर, कोणालातरी पहिल्या आणि रिव्हर्समध्ये क्लच अलगद चावायला सांगा, आणि बाजूने (समोरून किंवा खालून नव्हे) केस किती फिरते ते पाहा. रबर फाटलेलं असेल तर ओढ लागताच केस तिरकी होते, आणि तुम्ही उभ्या गाडीत जुळवलेले सगळे कोन मोडतात.

डबल कार्डन कधी

लिफ्ट मोठी आणि शाफ्ट आखूड असेल तर ट्रान्स्फर केसच्या टोकाला दोन क्रॉस एकत्र असलेला डबल कार्डन जॉइंट लागतो. तो स्वतःची चूक स्वतःच मिटवतो, त्यामुळे इथे समांतर रेषांचा नियम लागू होत नाही. पिनियनने सरळ शाफ्टकडे बघायला हवं, उभ्या गाडीत एक-दीड अंश खाली. समांतर पिनियन तसाच ठेवून डबल कार्डन शाफ्ट घातला तर थरथर आधीपेक्षा वाढते, आणि दोष नव्या शाफ्टच्या माथी जातो. आपल्या उदाहरणात ७५ मिमी लिफ्टला शाफ्ट १२ अंशांवर आहे, म्हणजे पिनियन साडेदहाच्या आसपास हवा. मूळ ३ वरून साडेसात अंश फिरवायचे, ते पाचरीने होत नाही. बैठक कापणं, तेलाची पातळी, हँडब्रेकची केबल, सगळं त्यात आलं. रोज हायवेवर चालणाऱ्या गाडीला त्यापेक्षा २५ मिमी कमी लिफ्ट परवडते, हे आमचं स्पष्ट मत.

शाफ्ट काढताना, बसवताना

काढण्याआधी चाकांना ओटी लावा. मागचा शाफ्ट निघाला की गिअरमध्ये ठेवलेली गाडी धरत नाही, आणि ज्या जुन्या जीपगाड्यांचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या मागे असतो तिथे हँडब्रेकही जातो. फ्लँज, योक आणि स्प्लाइन, प्रत्येक जोडावर पेंटने खूण करा. स्प्लाइन एक दात चुकून बसली तरी दोन्ही टोकांचे योक एका पातळीतून निसटतात आणि थरथर येते. गॅरेजमधून ‘ग्रीस करून’ आलेल्या शाफ्टमध्ये ही चूक वारंवार सापडते. शाफ्ट टेबलावर ठेवून दोन्ही योकचे कान एकाच सपाटीत आहेत का ते कोनमापकाने तपासा.

लिफ्टनंतर स्प्लाइन बाहेर ओढली जाते. तिच्यावर पेंटची रेघ मारून तीन स्थितींत मोजा: गाडी उभी, ॲक्सल पूर्ण लोंबता, आणि ॲक्सल बंपस्टॉपला (त्याची वर जाण्याची हालचाल अडवणाऱ्या रबराला) टेकलेला. लोंबत्या स्थितीत स्प्लाइनच्या व्यासाच्या दीडपट तरी पकड आत राहावी. बंपस्टॉपला आत जायला २०-२५ मिमी शिल्लक हवेत, नाहीतर शाफ्ट ट्रान्स्फर केसचं बेअरिंग फोडतो. कमी पडत असेल तर नळी लांब करून घ्या आणि मग बॅलन्स. याच वेळी लोंबत्या स्थितीत ब्रेकचा होज आणि ब्रीदरचा (ॲक्सलमधली हवा सोडणारा) पाइप ताणला जातोय का ते पाहा.

क्रॉस हाताने चारही दिशांना फिरवा. कुठे अडखळत असेल, सरळ स्थितीत ‘बसल्यासारखा’ थांबत असेल किंवा सीलपाशी तांबूस पावडर दिसत असेल तर नवा. पाण्यातून गेलेल्या गाडीत ही पावडर म्हणजे गंजलेल्या सुया. कप काढताना योकच्या कानांवर हातोडा मारू नका, कान वाकले की नवा क्रॉसही मध्यावर बसत नाही. व्हाइस आणि दोन सॉकेट वापरून दाबा. कप बसवताना एक सुई आडवी पडली तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्कलिप (कप अडवून धरणारी कडी) बसत नाही. जोर लावू नका, परत काढून बघा. दोन्ही बाजूंचे सर्कलिप एकाच जाडीचे असावेत. बसल्यावर घट्ट वाटला तर कानावर पितळी दांड्याने हलका ठोका द्या, कप मोकळा होतो. लिथियम ईपी ग्रीस चारही सीलमधून थोडं बाहेर येईपर्यंत भरा. तीनच बाजूंनी आलं तर चौथ्या बाजूला हवा आहे.

कोन जुळले, तरी भरभर उरली

आता बॅलन्सकडे या. आधी शाफ्टच्या नळीचा वाकडेपणा डायल गेजने मध्यावर मोजा. अर्ध्या मिमीपेक्षा जास्त असेल तर बॅलन्स करण्यात अर्थ नाही, नळी बदला. दगडावर आपटलेला शाफ्ट वरून ठीक दिसतो, खाच मात्र बोटाला लागते. तात्पुरती चाचणी होज क्लॅम्पने होते: नळीच्या मागच्या टोकाजवळ क्लॅम्प लावा, स्क्रू एका जागी, गाडी चालवून बघा, मग नव्वद-नव्वद अंशांनी फिरवा. एका जागी थरथर स्पष्ट कमी झाली तर दोष बॅलन्सचाच, शाफ्ट बॅलन्सिंग मशीनवर न्या. क्लॅम्प कायमचा ठेवू नका.

पुढच्या शाफ्टला विसरू नका. ज्या गाडीत फ्री-व्हील हब (पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवणारे) नाहीत किंवा असून अडकलेत, तिथे टू-व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट फिरत राहतो. तो काढून एक चक्कर मारा, पाच मिनिटांत निकाल. पुढच्या ठोस ॲक्सलला पाचर लावताना मात्र लक्षात घ्या, जेवढे अंश पिनियन वर केला तेवढेच अंश कॅस्टर (स्टीअरिंग सरळ धरून ठेवणारा पुढच्या चाकांचा कोन) गेला. हायवेवर स्टीअरिंग भरकटण्यापेक्षा पुढच्या शाफ्टची थोडी गुणगुण परवडते. टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) पिळून पुढून उंच केलेल्या जुन्या थारमध्ये दुखणं वेगळंच असतं. तिथे पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे आतले-बाहेरचे सीव्ही जॉइंट (सांधे) तिरके होतात, बूट फाटतात, आणि फोर-व्हीलमध्ये ओढ लागली की कटकट ऐकू येते. बार थोडा सैल करून उंची उतरवणं हाच त्यावरचा इलाज.

सगळं बसल्यावर ४०, ६०, ८० या वेगांना तीच चार-टप्प्यांची चाचणी पुन्हा करा आणि आकडे वहीत आधीच्या आकड्यांशेजारी लिहा. नवीन पाटे पहिल्या काहीशे किमीत बसतात आणि उंची कमी होते, त्यामुळे ५०० किमीला यू-बोल्ट आवळताना तिन्ही कोनही पुन्हा मोजा. तेव्हा आकडे अर्धा-एक अंश सरकलेले असतील, आणि २ अंशांच्या पाचरीऐवजी दीडची पुरली असती असं निघालं तर ती बदलायला अजून तासाभराचंच काम आहे.